गोल आटले म्हणून महागडा स्ट्रायकर घ्यावा का?

प्रश्न असा आहे: फुटबॉल संघाचे गोल कमी झालेत, चाहते आणि समालोचक "आधी नंबर नऊ आणा" (म्हणजे स्ट्रायकर, सर्वांत पुढे राहून गोल करणारा खेळाडू) म्हणून मागे लागलेत आणि बाजारात बऱ्या स्ट्रायकरचा भाव सहा-सात कोटी पौंडांवर, म्हणजे सातशे-आठशे कोटी रुपयांवर गेलाय. क्लबने एवढा पैसा एका खेळाडूवर लावावा का? उत्तर देताना बहुतेक उदाहरणं इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधली घेतोय. तिथले व्यवहार, गोल आणि गुण सगळे उघड असतात, त्यामुळे पडताळणी करता येते.

माझं मत आधीच सांगतो. संधी भरपूर तयार होतायत, त्या गोलच्या तोंडाशी वाया जातायत आणि हे दीड-दोन हंगाम चाललंय, असं असेल तर खर्च करावा. संधीच तयार होत नसतील तर नवा स्ट्रायकर त्याच उपाशी जागी उभा राहणार. मग तो पैसा त्याच्या मागे खेळणाऱ्यांवर लावलेला बरा. बहुतेक क्लब हा फरक नीट तपासत नाहीत आणि तिथेच पैसे बुडतात.

आर्सेनलचं उदाहरण यासाठी फार चांगलं आहे. २०२३-२४ मध्ये त्यांनी लीगमध्ये ९१ गोल केले आणि ८९ गुण मिळवले. २०२४-२५ मध्ये गोल ६९ वर आले, गुण ७४ वर. अडतीस सामन्यांपैकी तब्बल १४ बरोबरीत सुटले. निष्कर्ष सगळीकडे एकच निघाला: स्ट्रायकर नाही म्हणून विजेतेपद गेलं. आता खेळाडूनिहाय हिशेब मांडून बघा. बुकायो साकाचे लीगमधले गोल १६ वरून ६ वर आले. मार्टिन ओडेगार्डचे ८ वरून ३ वर. या दोघांचेच १५ गोल कमी झाले, आणि दोघांपैकी एकही स्ट्रायकर नाही. काई हावर्ट्झ, जो प्रत्यक्षात नंबर नऊच्या जागी खेळत होता, त्याचे १३ चे ९ झाले, तेही फेब्रुवारीत हॅमस्ट्रिंग (मांडीमागचा स्नायू) फाटून तो बाहेर गेला असताना. ओडेगार्ड सप्टेंबरमध्ये नॉर्वेकडून खेळताना घोट्याला दुखापत होऊन सुमारे दोन महिने बाहेर होता. साका डिसेंबरमध्ये क्रिस्टल पॅलेसविरुद्ध जायबंदी झाला तो एप्रिललाच परतला. म्हणजे उजवी बाजू, जिथून त्या संघाचं निम्मं आक्रमण सुरू व्हायचं, तीच महिनोन् महिने बंद होती.

मग स्ट्रायकरची गरज नव्हती का? होती, पण तिचं कारण वेगळं होतं. जानेवारीत गॅब्रिएल जेझुसच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला, पुढच्या महिन्यात हावर्ट्झ गेला, आणि लेस्टरविरुद्ध मिकेल मेरिनो या मधल्या फळीतल्या खेळाडूला पुढे उभं करावं लागलं. त्याने दोन गोल करून सामना जिंकून दिला ही गोष्ट निराळी. पण त्या जागेवर तिसरा माणूसच नव्हता, ही संघबांधणीतली उघड चूक होती. "आमचा स्ट्रायकर कुचकामी आहे" आणि "आमच्याकडे स्ट्रायकर पुरेसे नाहीत" या दोन तक्रारींची औषधं वेगळी आहेत. पहिलीसाठी वरच्या दर्जाचा माणूस लागतो. दुसरीसाठी दीड-दोन कोटी पौंडांचा, ठणठणीत तब्येतीचा, पर्यायी म्हणून राहायला तयार असलेला माणूस पुरतो. २०२५ च्या उन्हाळ्यात आर्सेनलने व्हिक्टर ग्योकेरेसला स्पोर्टिंग लिस्बनकडून सुमारे ६.३५ कोटी युरो अधिक बोनस एवढ्या किमतीत घेतलं. पण त्याच खिडकीत (खेळाडू घेण्याच्या ठरावीक मुदतीत) एबेरेची एझे आणि नोनी मादुएके यांनाही घेतलं, म्हणजे संधी तयार करणारी माणसंही आणली. हा क्रम मला पटतो. एकट्या ग्योकेरेसला आणून थांबले असते तर साका पुन्हा जायबंदी झाल्यावर तोच प्रश्न उभा राहिला असता.

आता तपासणी प्रत्यक्षात कशी करायची ते. सुरुवात एक्सजी म्हणजे अपेक्षित गोल या मापापासून करा. गोलवर मारलेल्या प्रत्येक फटक्याला अंतर, कोन, पाय की डोकं, कसला पास आला, यावरून शून्य ते एक यांच्यातला आकडा मिळतो. पेनल्टीला साधारण ०.७८ मिळतात, गोलसमोरच्या आखलेल्या बॉक्सबाहेरच्या बहुतेक फटक्यांना ०.०५ सुद्धा मिळत नाहीत. पहिली गोष्ट, पेनल्टी काढून टाका. संघाला हंगामात दहा पेनल्टी मिळाल्या की दोन, यावरच सहा-सात गोलांचा फरक पडतो आणि त्यात स्ट्रायकरच्या दर्जाचा काही संबंध नसतो. उरलेल्या आकड्यात तुमच्या संघाची अपेक्षा सामन्याला १.२ च्या आसपास घुटमळत असेल तर पुरवठ्याची बोंब आहे. ती १.७-१.८ असून गोल १.३ च होत असतील तर फटके वाया जातायत.

वाया जातायत म्हणजे लगेच स्ट्रायकर वाईट, असंही नाही. इथे थोडं गणित लागतं. एखाद्या स्ट्रायकरकडून हंगामात १५ गोलांची अपेक्षा असेल तर निव्वळ नशिबाने तो ११ वर थांबू शकतो किंवा १९ पर्यंत जाऊ शकतो. १५ चं वर्गमूळ पावणेचार-चार, आणि एवढी इकडतिकड होणं अगदी सामान्य आहे. म्हणून एका हंगामाच्या आकड्यावरून कुणाला "फिनिशर" (संधीचा हमखास गोल करणारा) ठरवू नये आणि कुणाला नाकारूही नये. मुख्य स्ट्रायकर हंगामात ऐंशी ते शंभर फटके मारतो. किमान दोनशे फटके, म्हणजे दोन-अडीच हंगाम हाताशी असल्याशिवाय त्याच्या नेमबाजीबद्दल मी तरी काही ठाम बोलणार नाही. त्यापेक्षा लवकर स्थिरावणारा आकडा म्हणजे दर ९० मिनिटांना त्याला मिळणाऱ्या संधींचा दर्जा. जो माणूस वर्षानुवर्षं योग्य जागी पोहोचतो तो गोल करतोच. चुकलेल्या फटक्यांचं फार मनावर घेऊ नये.

ब्राइटनचा प्रवास याच संदर्भात बघण्यासारखा आहे. २०२०-२१ मध्ये त्यांचे लीगमध्ये फक्त ४० गोल झाले, क्रमांक सोळावा. संधी तयार व्हायच्या, गोल व्हायचे नाहीत, आणि स्ट्रायकर आणा म्हणून प्रचंड ओरड होती. क्लबने त्या जागेवर मोठी रक्कम उधळली नाही. काओरू मितोमासारखा विंगर (कडेने आक्रमण करणारा खेळाडू) जपानमधून अगदी स्वस्तात आला, मधली फळी आणि कडेचे बचावपटू सुधारले, पुढे प्रशिक्षक म्हणून रोबेर्तो दे झेर्बी आले. २०२२-२३ मध्ये ७२ गोल आणि सहावा क्रमांक. त्या हंगामात लीगमध्ये ब्राइटनकडून सर्वाधिक गोल कुणाचे, तर ॲलेक्सिस मॅक ॲलिस्टरचे, मधल्या फळीतला माणूस, १० गोल.

आकड्यांनंतर व्हिडिओ. उमेदवाराच्या गोलांच्या क्लिप बघून काहीच कळत नाही, त्या सगळ्यांच्या सुंदर असतात. दहा सामने पूर्ण बघा, त्यातले निम्मे प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावरचे आणि तीन-चार तरी खोल बचाव करणाऱ्या संघांविरुद्धचे. आपला संघ डावीकडून क्रॉस (कडेवरून गोलसमोर पास) करणार असताना तो पहिल्या खांबाकडे धावतो की बचावपटूच्या पाठीमागे सरकतो? पाठ गोलकडे असताना मागून धक्का बसला तर चेंडू राहतो का? चेंडू गमावल्यावर पहिल्या तीन सेकंदांत तो काय करतो? आणि जिथे त्याला चेंडू मिळालाच नाही अशा धावा मोजा, कारण तुमच्याकडे त्याला तो पास देणारा माणूस कदाचित आहे, कदाचित नाही. हीच मोजणी स्वतःच्या संघाचीही करावी लागते. गोलपासून सहा यार्डांच्या पट्ट्यातून किती क्रॉस कुणाचाही पाय न लागता निघून जातात, ही संख्या सामन्याला तीन-चारच्या वर सतत असेल तर नंबर नऊची जागा खरोखर रिकामी आहे. असा पुरावा हातात असला की मग मोठ्या खर्चाबद्दल बोलायला हरकत नाही.

त्या खर्चातून पदरात काय पडतं? समजा सध्याच्या स्ट्रायकरला दर ९० मिनिटांना ०.३५ अपेक्षित गोल मिळतात आणि नव्याला ०.५० मिळतील. लीगची एकूण मिनिटं ३४२०, त्यातली तो २७०० खेळला, म्हणजे तीस पूर्ण सामन्यांएवढा. फरक साडेचार गोलांचा. प्रीमियर लीगमध्ये गोलफरकात (केलेले गोल वजा खाल्लेले गोल) एकाची भर पडली की साधारण ०.६ ते ०.७ गुण वाढतात, असा ढोबळ हिशेब धरतात. म्हणजे हंगामाला तीन गुण. सहा-साडेसहा कोटी पौंडांत तीन गुण! हे वाचून निराश होऊ नका, तीन गुण लहान नसतात. २०१८-१९ मध्ये मँचेस्टर सिटी ९८ आणि लिव्हरपूल ९७, २०२१-२२ मध्ये ९३ आणि ९२, २०२३-२४ मध्ये सिटी ९१ आणि आर्सेनल ८९. विजेतेपदाच्या, चॅम्पियन्स लीगच्या (युरोपातल्या अव्वल क्लबांची स्पर्धा) किंवा लीगमधून खाली घसरण्याच्या रेषेवर असलेल्या क्लबला तीन गुणांचं मोल अफाट आहे. बाराव्या क्रमांकावरच्या क्लबला त्याच तीन गुणांत एक-दोन पायऱ्या मिळतात आणि प्रत्येक पायरीमागे बक्षीस तीस लाख पौंडांच्या आसपास. त्या क्लबने हा सौदा करू नये.

शिवाय स्ट्रायकरचे सगळेच गोल संघाच्या बेरजेत नव्याने जमा होत नाहीत, हे विसरतात. एर्लिंग हालांड २०२२ मध्ये सिटीत आला आणि पहिल्याच हंगामात त्याने लीगमध्ये ३६ गोल मारून विक्रम केला. त्या हंगामात सिटीचे एकूण गोल ९४. तो येण्याआधीच्या हंगामात, जेव्हा लीगमध्ये त्यांचा सर्वाधिक गोल करणारा केव्हिन डी ब्रुयना १५ वर होता, तेव्हा एकूण गोल ९९ होते. हॅरी केन २०२३ मध्ये साडेनऊ कोटी युरोंहून अधिक किमतीत बायर्न म्युनिकला गेला, ३६ गोल केले. बायर्नचे एकूण गोल ९२ चे ९४ झाले आणि संघ तिसरा आला. इकडे केनला विकलेल्या टॉटनहॅमचे गोल ७० चे ७४ झाले आणि संघ आठव्यावरून पाचव्यावर आला. याचा अर्थ हालांड किंवा केन घेऊ नये असा मुळीच नाही. सिटीने हालांडच्या त्या पहिल्याच हंगामात तिहेरी मुकुट (तीन मोठी विजेतेपदं) जिंकला, त्याचे चॅम्पियन्स लीगमधले १२ गोल त्यात होते, आणि बायर्नने केनच्या दुसऱ्या हंगामात बुंडेसलिगा (जर्मनीची लीग) परत मिळवली. मुद्दा इतकाच की त्या जागेवरून आधीही गोल होत होते, फक्त ते पाच-सहा जणांत वाटले गेले होते. नव्याच्या ३६ मधून ते वजा करूनच किंमत ठरवायची.

पैशाची बाजू सविस्तर सांगतो, कारण वर्तमानपत्रात फक्त फी छापून येते. फी ६.५ कोटी पौंड, करार पाच वर्षांचा: ताळेबंदात दरवर्षी १.३ कोटी खर्च पडतो. आठवड्याला दोन लाख पौंड पगार म्हणजे वर्षाला १.०४ कोटी. त्यावर मालक म्हणून क्लबने भरायचा राष्ट्रीय विमा, एप्रिल २०२५ पासून १५ टक्के, म्हणजे आणखी पंधरा-सोळा लाख. एजंटला पन्नास लाख दिले असतील तर तेही पाच वर्षांत विभागून वर्षाला दहा लाख. बेरीज वर्षाला अडीच कोटींच्या वर, पाच वर्षांत जवळपास तेरा कोटी पौंड. म्हणजे मथळ्यातल्या आकड्याच्या दुप्पट. संचालक मंडळासमोर हा आकडा ठेवावा, मथळ्यातला नव्हे. करार सात-आठ वर्षांचा करून वार्षिक भार हलका करण्याची युक्तीही आता चालत नाही. युएफा (युरोपीय फुटबॉल महासंघ) आणि प्रीमियर लीग दोघांनीही २०२३ मध्ये फी जास्तीत जास्त पाचच वर्षांत विभागायची मर्यादा घातली.

हा भार नियमांच्या चौकटीत बसवावा लागतो. प्रीमियर लीगच्या नफा-तोट्याच्या नियमांत तीन वर्षांत कमाल १०.५ कोटी पौंडांचा तोटा चालायचा, आणि आपापली मर्यादा ओलांडल्याबद्दल २०२३-२४ च्या हंगामात एव्हर्टनचे आठ आणि नॉटिंगहॅम फॉरेस्टचे चार गुण कापले गेले. युरोपात खेळणाऱ्या क्लबांना युएफाचा वेगळा नियम आहे: खेळाडूंचा सगळा खर्च उत्पन्नाच्या ७० टक्क्यांत बसला पाहिजे. स्ट्रायकरने मिळवून दिलेले तीन गुण आणि त्याच्यामुळे कापले गेलेले चार गुण, असा व्यवहार कुणालाच परवडत नाही.

फसलेला सौदा किती काळ छळतो हे शिल्लक पुस्तकी किमतीवर (फीपैकी ताळेबंदात अजून खर्ची न पडलेल्या रकमेवर) ठरतं. रोमेलू लुकाकूला चेल्सीने २०२१ मध्ये ९.७५ कोटी पौंडांना, पाच वर्षांच्या करारावर घेतलं. लीगमध्ये ८ गोल झाले. एका वर्षानंतर ताळेबंदात त्याची किंमत जवळपास ७.८ कोटी उरली होती आणि तेवढे पैसे देणारं कुणी नव्हतं. विकलं तर तोटा एकदम दिसणार, म्हणून आधी इंटरला लोनवर (तात्पुरता उसना), मग रोमाला लोनवर आणि शेवटी २०२४ मध्ये सुमारे तीन कोटी युरोंना नापोलीला. याउलट डार्विन नुनेझ लिव्हरपूलमध्ये सुरुवातीच्या ७.५ कोटी युरोंना आला. लीगमध्ये ९, ११ आणि ५ गोल, म्हणजे किमतीच्या मानाने निराशाच. पण आला तेव्हा तो जेमतेम तेवीसचा होता. तीन वर्षं खर्चात टाकून झाली होती, आणि २०२५ मध्ये अल हिलालने सुमारे ५.३ कोटी युरो दिले. मैदानावर अपेक्षाभंग झाला तरी हिशेबात खड्डा पडला नाही. म्हणून मोठी रक्कम द्यायचीच असेल तर ती २१ ते २५ वयाच्या खेळाडूवर द्यावी, असं मी आग्रहाने सांगेन. सत्तावीस-अठ्ठावीसच्या खेळाडूचे पैसे परत येणार नाहीत असं धरूनच सही करायची. तिशीतल्या केनसारखा अपवाद बायर्नसारख्या श्रीमंत क्लबलाच पेलतो.

आता जुळण्याचा प्रश्न. माझ्या मते सर्वाधिक पैसा इथे वाया जातो. सेबास्तियां हालेर आइन्ट्राख्ट फ्रँकफुर्टमध्ये लुका योविच आणि आन्ते रेबिच यांच्याबरोबर खेळायचा. उंच माणूस, चेंडू छातीवर किंवा डोक्यावर घ्यायचा आणि शेजारून धावणाऱ्याला द्यायचा. वेस्ट हॅमने २०१९ मध्ये सुमारे ४.५ कोटी पौंड मोजले आणि त्याला पुढे एकट्याला उभं केलं. डोक्यावरून चेंडू खाली पडायचा, पण घ्यायला वीस यार्डांत कुणी नसायचं. दीड वर्षात तो सुमारे दोन कोटींना अयॅक्सला गेला आणि तिथे २०२१-२२ च्या चॅम्पियन्स लीगमध्ये त्याने ११ गोल मारले. खेळाडू तोच होता. वेस्ट हॅमने फक्त त्याच्या पलीकडच्या दहा जणांचा विचार केला नाही. न्यूकॅसलने २०१९ मध्येच जोएलिंटनला चार कोटींना स्ट्रायकर म्हणून घेतलं, पहिल्या हंगामात लीगमध्ये दोन गोल झाले. प्रशिक्षक एडी हाव यांनी त्याला मधल्या फळीत नेल्यावर तो संघाचा कणा झाला. ग्योकेरेसच्या बाबतीतही आर्सेनलसमोर हाच प्रश्न होता. पोर्तुगालमध्ये तो डावीकडच्या मोकळ्या जागेत चेंडू घेऊन सुसाट धावायचा. आर्सेनलविरुद्ध प्रतिस्पर्धी बॉक्ससमोर दोन रांगा लावून बसतात, ती मोकळी जागा तिथे क्वचितच मिळते. अशा वेळी खेळाडू बदलायचा की संघाने त्याच्यासाठी जरा लवकर, जरा लांब पास द्यायचे, हे सहीच्या आधी प्रशिक्षकाकडून स्पष्ट लिहून घ्यावं.

दुसऱ्या लीगमधले गोल किती खरे मानायचे? नेदरलँड्सच्या एरेडिव्हिसीत सर्वाधिक फसगत होते. मातेया केझमान पीएसव्हीकडून एका हंगामात ३१ लीग गोल करून २००४ मध्ये चेल्सीत आला, तिथे लीगमध्ये ४ झाले. अफोन्सो आल्वेसने हिरेनव्हेनसाठी ३१ सामन्यांत ३४ मारले होते; मिडल्सबरोने २००८ च्या जानेवारीत क्लबचा विक्रमी पैसा देऊन आणलं आणि दीड हंगामात लीगमध्ये १० गोल मिळाले. पण रूड व्हान निस्टलरॉय आणि लुईस सुआरेझ हेही त्याच लीगमधून आले. फरक ओळखण्यासाठी पेनल्टी वगळा, त्याच्या लीगमधल्या पहिल्या चार संघांविरुद्ध आणि युरोपीय स्पर्धेत त्याला संधी कशा मिळाल्या ते वेगळं काढा, आणि किती गोल संघ आधीच दोनने पुढे असताना झाले ते बघा. स्वतः चेंडू पुढे नेऊन, माणूस चकवून संधी निर्माण करणारा स्ट्रायकर नव्या लीगमध्ये लवकर रुळतो. पूर्णपणे इतरांच्या पासवर जगणारा तितकाच चांगला असतो, पण त्याला पास देणारेही तितकेच चांगले लागतात.

३१ जानेवारी २०११ हा दिवस या सगळ्याचा एकत्र पुरावा आहे. चेल्सीने लिव्हरपूलला फर्नांडो टोरेससाठी ५ कोटी पौंड दिले. त्याच पैशांतून लिव्हरपूलने न्यूकॅसलच्या अँडी कॅरोलसाठी ३.५ कोटी मोजले, आणि अयॅक्सहून सुआरेझला २.२७ कोटींत आणलं. टोरेसने चेल्सीसाठी लीगमध्ये ११० सामन्यांत २० गोल केले. कॅरोलने ४४ सामन्यांत ६. सुआरेझने ११० सामन्यांत ६९, आणि २०१४ मध्ये बार्सिलोनाने त्याच्यासाठी साडेसहा कोटींच्या आसपास दिले. टोरेसची गती गुडघ्याच्या दुखापतींनी आधीच कमी झाली होती आणि २०१० मध्ये त्याच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाल्या होत्या. ज्या धावेवर त्याचा सारा खेळ उभा होता तीच हरवत होती. कॅरोल प्रीमियर लीगमध्ये मुख्य स्ट्रायकर म्हणून अर्धाच हंगाम खेळला होता, शेवटच्या दिवशीच्या घाईत किंमत फुगली. म्हणून तब्येतीची तपासणी केवळ सहीच्या दिवसाची औपचारिकता ठेवू नका. गेल्या तीन हंगामांत उपलब्ध मिनिटांपैकी किती टक्के खेळला, हॅमस्ट्रिंगची दुखापत त्याच पायाला पुन्हा झाली का, आणि पूर्ण वेगाच्या धावांची संख्या वर्षागणिक घटतेय का, एवढं बघितलं तरी पुष्कळ कळतं. मिनिटं ६५ टक्क्यांखाली असतील तर किंमत त्याच प्रमाणात खाली आणा किंवा सोडून द्या.

जानेवारीत घेणं एरवी महागच पडतं, पण एक सौदा मला तरीही हुशारीचा वाटतो. २०२२ च्या जानेवारीत खाली घसरण्याच्या भीतीत असलेल्या न्यूकॅसलने ख्रिस वूडला बर्नलीकडून रिलीज क्लॉज (करारातच ठरलेली सुटकेची रक्कम) भरून सुमारे अडीच कोटी पौंडांना उचललं. उरलेल्या हंगामात त्याचे गोल दोनच झाले. पण बर्नली हा त्यांचा घसरणीच्या शर्यतीतला थेट प्रतिस्पर्धी होता. त्यांना घाईत वाउट वेगहोर्स्ट आणावा लागला, त्यानेही दोनच गोल केले, आणि बर्नली खाली गेली. न्यूकॅसल अकरावं आलं.

ज्यांच्याकडे मोठा पैसा नाही त्यांनी ब्रेंटफर्डचा मार्ग अभ्यासावा. नील मोपे दोन कोटींना विकला, ऑली वॉटकिन्स २०२० मध्ये २.८ कोटींना. वॉटकिन्सच्या जागी पीटरबरोचा आयव्हन टोनी सुरुवातीला अवघ्या पन्नास लाखांत आला, त्याने दुसऱ्या श्रेणीच्या लीगमध्ये ३१ गोल करून क्लबला वर नेलं आणि २०२४ मध्ये तो चार कोटींना गेला. पुढचा माणूस आधीचा विकण्याआधी निवडलेला असायचा, ही त्यातली गोम. खेळण्याची पद्धत बदलत नाही, म्हणून कोणत्या गुणांचा माणूस हवा हे दरवर्षी नव्याने शोधावं लागत नाही.

आपल्याकडे एफसी गोव्याने २०१७ मध्ये फेरान कोरोमिनासला आणलं तेव्हाही मोठी ट्रान्सफर फी वगैरे नव्हती. कोरोने तीन हंगामांत इंडियन सुपर लीगमध्ये ५७ सामन्यांत ४८ गोल केले. पण पहिल्या हंगामात त्याच्या १८ गोलांबरोबर मान्वेल लान्सारोतेचे १३ गोल होते आणि प्रशिक्षक सर्खियो लोबेरा यांची चेंडू ताब्यात ठेवून सतत पुढे खेळायची पद्धत होती, हे गोव्यातल्या फातोर्ड्याच्या मैदानावर ते सामने बघितलेल्यांना वेगळं सांगायला नको. पगारमर्यादा असलेल्या आणि परदेशी खेळाडूंच्या जागा मोजक्या असलेल्या आपल्या लीगमध्ये तर एक परदेशी जागा स्ट्रायकरला द्यायची की त्याला चेंडू पुरवणाऱ्याला, हा प्रश्न पैशाइतकाच कठीण असतो.

सगळं तपासून उत्तर "घ्यावा" असं आलंच, तर सौदा कसा बांधायचा तेही तितकंच महत्त्वाचं. फी तीन-चार हप्त्यांत द्या. ताळेबंदावर फरक पडत नाही, पण हातात रोकड राहते. फीचा पाचवा-सहावा हिस्सा सामन्यांची संख्या आणि चॅम्पियन्स लीगची पात्रता यांना बांधा. गोलसंख्येला फार बांधू नका, कारण त्यामुळे पेनल्टी कोण घेणार यावरून संघात भांडणं लागतात. पगारातला काही भाग हजेरीवर ठेवा. खाली घसरायचा धोका असेल तर तसं झाल्यास पगार निदान ४० टक्के कमी होईल असं कलम हवंच. करारात एक वर्षच उरलेला खेळाडू जूनमध्ये एका किमतीला असतो आणि ऑगस्टअखेर दुसऱ्या. वाट बघायची तयारी असेल तर दहा-पंधरा टक्के सुटतात, पण तोवर काही सामने जातात आणि नवा खेळाडू सरावशिबिराला मुकतो, हेही धरा.

आणि बोलणी सुरू होण्याआधी कमाल किंमत कागदावर लिहून त्यावर प्रशिक्षक, क्रीडा संचालक आणि वित्तप्रमुख तिघांच्या सह्या घ्या. त्याच कागदावर दुसरं आणि तिसरं नाव असू द्या, त्यांच्या एजंटांशी प्राथमिक बोलणी झालेली असू द्या. किंमत त्या आकड्याच्या वर गेली की त्याच दिवशी दुसऱ्या नावाला फोन करायचा. दुसरं नावच नसलेला क्लब शेवटच्या आठवड्यात एक-दीड कोटी जास्त देतो, आणि विकणाऱ्याला ते अगदी पहिल्या फोनपासून ठाऊक असतं.